बारा व्होल्टचे वीस हजार

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च, ताळेबंद आणि घसारा यांच्याशी माझा रोजचा संबंध. अशा मुलाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र हसतील. त्यांनी जरूर हसावे. फक्त लेख वाचून झाल्यावर हसावे, एवढीच विनंती. कारण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या घरच्या खर्चाच्या वहीतून माझ्यापुढे आला.

माझे वडील व्हॅन चालवतात. सकाळ-संध्याकाळ शाळेची मुले आणि मधल्या वेळेत मिळेल ते भाडे. गाडी जुनी, कार्बोरेटरची, पेट्रोलवर चालणारी. ती चालली तर घर चालते. गेल्या वर्षी तिला एक विचित्र खोड लागली. सकाळी एका किल्लीत सुरू होई, गावातल्या गावात नीट चाले; पण लांबचे भाडे घेतले, इंजिन तापले आणि चढ लागला, की आचके देऊन बंद पडे. अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होई.

नेहमीच्या गॅरेजमध्ये पहिल्या खेपेला सगळे प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर खोलून साफ केला. तिसऱ्या खेपेला पेट्रोल पंप नवा घातला. प्रत्येक वेळी प्लग बाहेर काढून ठिणगी पडते का ते पाहिले जाई आणि ती पडत असे. तेव्हा ‘करंट बरोबर आहे, दोष पेट्रोलकडे आहे’ असा निकाल मिळे. बाबा पैसे देत आणि मी ते वहीत लिहीत असे. या काळात मुले वेळेवर शाळेत पोहोचत नाहीत म्हणून दोन घरांनी आमची व्हॅन सोडली.

शेवटी एके दिवशी आजीला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी चंदगडकडच्या गावाहून बेळगावला आणत असताना, हद्द ओलांडून आल्यावर एका चढावर गाडीने मान टाकली. जवळच एक लहानसे गॅरेज होते. तेथील वयस्क मिस्त्री आले. त्यांनी प्लगची वायर काढली, तिला दुसरा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि बाबांना स्टार्टर मारायला सांगितले. मग मान हलवून ते म्हणाले, “किडी इल्ल.” कन्नडात ठिणगीला ‘किडी’ म्हणतात, ठिणगी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. पण मागे बसलेल्या आजीला कन्नड येत नाही. ती घाबरून म्हणाली, “अरे, गाडीत किडी कुठनं आल्या?”

मिस्त्रींनी बॉनेटखालच्या एका काळ्या डब्याला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. मग एक फडके पाण्यात भिजवून, पिळून, ते त्या डब्याभोवती गुंडाळले. दहा मिनिटांनी म्हणाले, “आता मार.” गाडी सुरू झाली! तो डबा म्हणजे इग्निशन कॉइल. तोपर्यंत आमच्या वहीत सगळ्या भागांची नावे येऊन गेली होती. त्याचे तेवढे आले नव्हते.

गाडी सुरू झाली तरी आजीची त्या दिवसाची वेळ चुकायची ती चुकलीच. पण त्या चढावर मिस्त्रींनी अर्धे कन्नड, अर्धे मराठी अशा भाषेत मला जे सांगितले आणि नंतर वाचनालयातील पुस्तकांतून मी जे पडताळून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये चार कामे एकामागून एक होतात: हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ते पेटवणे आणि जळका वायू बाहेर टाकणे. यांपैकी पेटवण्याचे काम प्लगचे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटते, म्हणून तेथे असा प्लग लागत नाही. पेट्रोलला मात्र ठिणगी लागते.

प्लगची रचना साधी आहे. मधोमध धातूची एक दांडी, तिच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाचे आवरण आणि बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच. कवचाला खाली वाकवलेले एक टोक असते. मधली दांडी आणि हे टोक यांमध्ये गाडीच्या प्रकाराप्रमाणे साधारण पाऊण ते एक मिलिमीटर फट असते. ही फट विजेने उडी मारून ओलांडावी लागते. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेले असते. दाब जितका जास्त, तितकी विजेची वाट बिकट. तेथे दहा हजार किंवा त्याहूनही अधिक व्होल्ट लागतात.

आणि बॅटरी तर बारा व्होल्टची! मग हे भांडवल एवढे वाढते कसे?

कॉइलमध्ये मऊ लोखंडाच्या पट्ट्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. पहिली जाड तारेची, दोनशे-तीनशे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, वीस-तीस हजार वेढ्यांची. म्हणजे एकास सुमारे शंभर हे प्रमाण. वाणिज्याचा विद्यार्थी येथे लगेच गुणाकार करील: बारा गुणिले शंभर, बाराशे. पण बाराशे व्होल्टने ठिणगी पडत नाही. बाकीचे कोठून येतात? मलाही हे कोडे पडले होते. त्याचे उत्तर असे, की ठिणगी वीज जोडल्याने पडत नाही, ती तोडल्याने पडते.

किल्ली फिरवली की बॅटरीचा प्रवाह पहिल्या गुंडाळीतून वाहू लागतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठू लागते. ते एकदम पूर्ण साठत नाही. त्याला सेकंदाचे काही हजारांश लागतात. मग हा प्रवाह अचानक तोडला जातो आणि साठलेले चुंबकत्व क्षणार्धात कोसळते. चुंबकत्व बदलले की शेजारच्या तारेत विद्युत्दाब निर्माण होतो, हा नियम मायकेल फॅरडे याने १८३१ साली लंडनमध्ये शोधून काढला. बदल जितका वेगवान, दाब तितका मोठा. बसमध्ये उभे असताना चालकाने हळूहळू वेग घेतला तर आपल्याला कळतही नाही. पण त्याने करकचून ब्रेक लावला तर आपण पुढच्या माणसाच्या अंगावर जातो. कॉइलमध्येही तसेच घडते. त्या झटक्यात पहिल्या गुंडाळीतच बाराचे दोनशे-तीनशे व्होल्ट होतात. त्यांना आता शंभराने गुणा. वीस-तीस हजारांचा हिशेब जुळला.

मात्र यात नफा झाला असे कोणी समजू नये. व्होल्ट वाढले, तसा प्रवाह घटला. पहिल्या गुंडाळीत तीन-चार ॲम्पिअर असतात, तर ठिणगीत ॲम्पिअरचे फक्त काही शतांश. जितकी ऊर्जा जमा, तितकीच खर्च. त्यातही थोडी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. निसर्गाच्या वहीत दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पान उलटत नाही.

हा प्रवाह तोडतो कोण? पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी गाडीत डिस्ट्रिब्युटरमधले ‘पॉइंट’ हे काम करीत. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवट्यांचा दांडा या दोन टोकांना अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतराने उघडी. उघडताना तेथेच ठिणगी पडून टोके जळू नयेत आणि प्रवाह स्वच्छ तुटावा, म्हणून शेजारी कंडेन्सर असे. दुसऱ्या गुंडाळीतून आलेला उच्च दाब मग डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर पाळीपाळीने एकेका प्लगला वाटून देई. आमच्या व्हॅनमध्ये पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा आहे. नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरही नसतो. बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र लहान कॉइल बसवलेली असते आणि प्रवाह केव्हा तोडायचा ते संगणक ठरवतो. पण तोडल्याखेरीज तेथेही ठिणगी पडत नाही.

या कामाचा वेग पाहिला की मन थक्क होते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. एकच कॉइल असेल तर तिने दर शतांश सेकंदाला एकदा साठवायचे आणि एकदा सोडायचे. शिवाय ठिणगी दट्ट्या अगदी वर पोहोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते, कारण मिश्रण पूर्ण पेटायलाही वेळ लागतो. उशीर झाला तर जोर वाया जातो. फार लवकर पडली तर इंजिन ठोकू लागते.

ही सारी व्यवस्था एका दिवसात झालेली नाही. कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यातही बॅटरी, कॉइल आणि प्लग होते. १८८८ साली त्याची पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन त्या मोटारीच्या सुधारलेल्या नमुन्यातून मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, गेली. वाटेत ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा तिने पायमोज्याचा बंद तारेला गुंडाळून काम भागवले, असे सांगतात. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, पॉइंट आणि कॉइल यांची भरवशाची जुळणी केली आणि ती १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारीत आली. तीच पद्धत पुढे कित्येक दशके जगभर चालली.

आता आमच्या व्हॅनकडे वळू. तिचा दोष इतके दिवस का सापडला नाही? याची दोन कारणे मिस्त्रींनी सांगितली. पहिले असे, की कॉइलच्या बारीक तारेत किंवा तिच्या आवरणात दोष असेल तर थंड असताना ती ठीक चालते. तापली की तार फाकते किंवा वीज आतल्या आत गळू लागते. गाडी ओढून गॅरेजला नेईपर्यंत कॉइल थंड होई आणि तपासणीत निर्दोष सुटे! दुसरे असे, की प्लग बाहेर काढून पाहिलेली ठिणगी ही मोकळ्या हवेतली ठिणगी. तिला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरते, आतला दाब वाढतो आणि त्याच वेळी प्लगला सर्वांत जास्त व्होल्ट लागतात. अशक्त कॉइल सपाटीवर कशीबशी निभावते आणि चढावर हात टेकते. “बाहेर किडी आहे म्हणून आत पण किडी आहे असं समजू नको तम्मा,” हे त्यांचे वाक्य मी विसरणार नाही.

प्लगही पुष्कळ काही सांगतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर इंजिनाची तब्येत उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. काळे आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढते आहे. तेव्हा रिंगा तपासाव्यात. पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे दिसले तर प्लग फार तापतो आहे. म्हणून बदललेले जुने प्लग फेकण्याआधी एकदा पाहून घ्यावेत. आमचे जुने प्लग बाबांनी सुदैवाने डब्यात ठेवले होते. काढून पाहिले, तर सगळ्यांवर कोरडी काजळी होती! ठिणगीवर संशय घ्यायला पहिल्याच खेपेला तेवढे कारण होते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. इंजिन चालू असताना प्लगची वायर हातात धरू नये किंवा ती मोकळी लोंबकळत ठेवू नये. झटका जोराचा बसतो आणि इलेक्ट्रॉनिक तुकडाही जळू शकतो. तसेच पॉइंटच्या जुन्या गाडीत इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइलमधून प्रवाह अखंड वाहतो आणि ती विनाकारण तापते.

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल बसवली. ती आणल्यावर मी वहीतील मागची पाने काढून बेरीज केली. प्लग, कार्बोरेटरची सफाई आणि पंप यांवर झालेला खर्च कॉइलच्या किमतीच्या कितीतरी पट भरला. त्यात बुडालेली भाडी आणि सोडून गेलेली दोन घरे धरलेलीच नाहीत. कोणी फसवले असे बाबा म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. आपल्याला काही कळत नव्हते, म्हणून आपण काही विचारले नाही. ‘गाडी तापल्यावरच का बंद पडते?’ एवढा एक प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी धरून बसलो असतो, तरी पुरे होते.

आजीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात नीट पार पडली. आता तिला स्वच्छ दिसते. तरीही गावी जायला व्हॅनमध्ये बसण्यापूर्वी ती बाबांना दर वेळी विचारते, “किडी आहेत ना रे गाडीत?”