दान आणि हिशेब

१९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी बारडोलीचा हिशेब तपासला, तेव्हा शेतसाऱ्यातील २२ टक्क्यांची वाढ ६ टक्क्यांच्या आसपास उतरली. त्याच भूमीत आज ऊसतोडीसाठी धुळे-नंदुरबारकडील मजूर येतात. मुकादमाची उचल बहुधा आधीच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एकच 'कोयता' गणला जातो. अशांसाठी झटणाऱ्या स्थानिक सेवासंस्थेस व्यापारीबंधूंनी धान्य, कांबळी अवश्य द्यावीत. परंतु तेवढ्याने कर्तव्य संपत नाही. सप्ताहातील एक सायंकाळ कोप्यांवर जाऊन मजुरांस उचलीचा हिशेब वाचून दाखवावा, आणि वाजवी मजुरीसाठी कारखान्याकडे आपला शब्द खर्चावा. हिशेब ही तर आपली विद्या! दानाने एक हिवाळा सरतो. चोख हिशेबाने व रास्त मजुरीने पुढील वर्षीची उचल टळते.