कोतवाल बहीतली बिननावाची लेकरे

आपल्या समाजात घरोघरी एक धावपळ पाहायला मिळते. मुलगी बारावी झाली, मुलाला इंजिनियरिंगला घालायचे आहे किंवा कुणाला नोकरीची ऑर्डर आली, की जात वैधता प्रमाणपत्रासाठी जुन्या कागदांचा शोध सुरू होतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर बघायचे, आणि तिथे काही सापडले नाही तर तहसील कचेरीतली कोतवाल बही. विदर्भातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांची आपल्या पूर्वजांशी पहिली भेट अशी नक्कल काढण्याच्या रांगेत झाली आहे. माणसे तिथे फक्त जातीचा एक शब्द शोधायला जातात, आणि हाती येते ती मेलेल्या लेकरांची यादी. या यादीचे आपण काय करायचे, याविषयी आज वाचकांशी बोलायचे आहे.

कोतवाल बही म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. इंग्रजी अमलात मध्यप्रांतात गावचे जन्म-मृत्यू कळवण्याचे काम कोतवालाकडे असे. हा कोतवाल पुष्कळ गावांत आपलाच माणूस, महार. ठरल्या दिवशी तो बही घेऊन पायी ठाण्यात जाई आणि नोंदी देऊन येई. अनेक कोतवालांना अक्षरओळख नव्हती. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावे लागे. ज्याला शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्याच्याच खांद्यावर गावच्या मरणाचा हिशेब होता! त्याचे स्वतःचे लेकरू गेले, तर ती खबरही त्यानेच चालत जाऊन द्यायची.

नोंद अगदी त्रोटक असे. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यू असेल तर वय आणि कारण. कारणेही ठरलेली : हैजा, देवी, प्लेग, ताप, हगवण, छातीचे विकार, जखम. सर्पदंश आणि जंगली जनावराने मारलेली माणसे जखमेच्या सदरात. जन्माच्या नोंदीत लेकराचे नाव बहुधा नसते, कारण बारसे होण्याआधीच बही ठाण्यात गेलेली असे. आईचे नाव तर पुष्कळदा नसतेच. जिने नऊ महिने पोटात वागवले, ती कागदावर कुठेच नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या मोहर्लीकडे पाहा. चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवरचे, इरई धरणाच्या पाण्याकाठचे हे गाव आज ताडोबाचा दरवाजा म्हणून देशभर माहीत आहे. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पहाटे जिप्सी गाड्यांच्या रांगा लागतात आणि परिसरातली पोरे गाइड म्हणून पर्यटकांना वाघ दाखवतात. पण या रानपट्ट्यातल्या माणसाला वाघापेक्षा तापाने कितीतरी पटीने जास्त मारले. हिवताप इथला जुना रहिवासी. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला तो १९५३ साली. त्याआधीच्या पिढ्या पावसाळा गेला की अंथरूण धरत, आणि त्यात कोवळी लेकरे आधी जात.

मोठी संकटे आली ती वेगळीच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्यप्रांतावर लागोपाठ कोसळले. १९१८ साली पाऊस दगा देऊन गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात इन्फ्लुएन्झाची साथ खेड्यापाड्यांत शिरली. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे मेली असे अभ्यासक मानतात, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. या मरणांच्या नोंदी बहुतांशी 'ताप' या एका शब्दाखाली गेल्या. म्हणून आपल्या घरच्या नकलेत १९१८ च्या दिवाळीच्या सुमारास एकाखाली एक 'ताप' दिसला, तर त्या मागे काय होते हे ओळखावे.

१९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या काळातले सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षे धरले जाते. याचा अर्थ सगळी माणसे विशीतच मरत असा नव्हे. हजार जन्मांमागे दोनशेच्या वर बाळे वर्षाच्या आतच जात, म्हणून सरासरी इतकी खाली येई. जी त्यातून वाचत, त्यातली काही सत्तरीही गाठत. आपल्या घरातले पणजोबा दीर्घायुषी होते असे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांच्या पाठची-पुढची किती गेली, हे कुणी सांगत नाही.

हे दुःख गरीब अडाण्यांच्याच घरी होते असे समजू नये. परमपूज्य बाबासाहेब हे रामजी सुभेदार आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोठी झाली ती पाच. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असतानाच भीमाबाई गेल्या. पुढे बाबासाहेब आणि माता रमाईंना पाच लेकरे झाली. त्यात एकटे यशवंतराव वाचले. गंगाधर, रमेश, इंदू ही तिघे गेली आणि १९२६ च्या जुलैत लाडका राजरत्नही गेला. २७ मे १९३५ रोजी रमाईंनी देह ठेवला तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या. इतक्या मोठ्या पुरुषाच्या घरची ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. आपल्या घरची नावे कोण लिहिणार?

कागद मुका असला तरी घरातली नावे बोलतात. आपल्या वंशावळीत धोंडू, दगडू, कचरू, उकर्डा, भिकू, चिंधी अशी नावे असतील तर जरा थांबा. आधीची लेकरे जगली नाहीत, म्हणून पुढच्याला मुद्दाम असे टाकाऊ नाव ठेवायचे, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर जाणार नाही, अशी त्या आयांची समजूत होती. आज त्या नावांची पोरे थट्टा करतात. त्या थट्टेच्या नावामागे एका आईची धास्ती आहे, हे त्यांना समजावून सांगावे. दोन भावंडांच्या वयात सहा-सात वर्षांचे अंतर दिसले, तर तिथेही विचारावे.

आम्ही आमच्या आजीला असेच एकदा विचारले, "माय, तुले लेकरं किती झाले?" तिने कांडप थांबवले नाही. म्हणाली, "झाले नऊ, वाचले चार." आणि मग ती एकेक सांगू लागली. कोणते धानाच्या रोवणीत गेले, कोणते डोळे आल्यावर गेले, कोणत्याला मोहाच्या झाडाखाली पुरले. पाचांपैकी तिघांना नावे होती, ती तिने सांगितली. उरलेल्या दोघींना ती 'मोठी' आणि 'धाकटी' म्हणाली. इतकी वर्षे घरात कुणी विचारलेच नव्हते, म्हणून तिनेही सांगितले नव्हते.

म्हाताऱ्या बायांना आपण विचारले, तर पुष्कळ जणी शेवटी म्हणतात, "नशिबात नव्हते." या शब्दाला आपण मान देऊ, पण तो स्वीकारू नये. हैजा पाण्यातून येतो, आणि चांगल्या विहिरीवर आपल्याला मनाई होती. महाडचा १९२७ चा सत्याग्रह माणुसकीच्या हक्कासाठी होता, तसाच तो लेकरांच्या जिवाशीही जोडलेला होता. शेजारच्या गडचिरोलीचा दाखला तर अगदी अलीकडचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून, बाळाला ऊब देणे, स्वच्छता ठेवणे, जंतुदोष वेळीच ओळखून औषध देणे अशी घरच्या घरी काळजी सुरू केली. पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे हजारी ६२ होती, ती तीन वर्षांत सुमारे २५ वर आली. १९९९ साली हे जगापुढे मांडले गेले. नशीब तीन वर्षांत बदलत नाही. बदलली ती काळजी.

आणखी एक गोष्ट आपल्या जिवाशी निगडित आहे. घरातली जुनी मरणे ऐकताना असे वर्णन आले, की पोर वरचेवर तापाने फणफणे, हातपाय सुजत, सांधे दुखून रात्रभर रडे, डोळे पिवळे होत, तर ते कानाआड करू नका. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. नागपूरच्या भागात त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच झाली. ज्याच्यात हा दोष एकाच बाजूने आला, तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, उलट हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणूनच हा दोष रानपट्ट्यात टिकला. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात याची रक्ततपासणी होते, आणि १ जुलै २०२३ पासून देशात त्याच्या निर्मूलनाचे अभियानही सुरू आहे. सोयरीक जमवताना पत्रिका पाहणे आपण सोडले, हे चांगलेच झाले. आता मुला-मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट पाहायला लागावे. वाहक असणे ही लाज नाही, आणि मुलीकडच्यांचा दोष तर मुळीच नाही.

आमची वाचकांना, विशेषतः भगिनींना, विनंती आहे. एक साधी वही घ्या. घरातल्या सर्वात वयस्क बाईजवळ बसा, तिला घाई करू नका, आणि ती रडली तर लिहिणे थांबवा. किती झाले, किती वाचले, कोण कशाने गेले, कोणत्या गावी, कोणत्या हंगामात, हे लिहून घ्या. तारीख आठवत नसेल तर 'बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली त्याच्या आधी की नंतर' असे विचारा. १६ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आपल्या बायका विसरलेल्या नाहीत. मग कोतवाल बहीची नक्कल, दाखल-खारीजचा उतारा यांच्याशी ताडून पाहा. बापाच्या नावापुढे आईचे नाव आपल्या हाताने लिहा. मेलेल्या लेकरांनाही ओळ द्या, आणि नाव नसेल तिथे आजी ज्या शब्दाने हाक मारते तोच शब्द लिहा.

प्रमाणपत्र मिळाले की नकला फाइलीत जातात आणि फाइल पेटीत. ती वही मात्र पेटीत टाकू नका, घरात वरच राहू द्या. पुढे घरात बाळंतपण आले किंवा सोयरीक जमवायची झाली, की ती सर्वांत आधी उघडावी.