ट्रॉली सोडायची कुठं?

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज बोलायचंय सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीबद्दल.

आता म्हणाल, यात काय बोलायचं? ढकलायची, भरायची, बिल करायचं, संपलं. पण तसं नाहीये.

जालन्याच्या नव्या मोंढ्यात कधी गेला असाल तर हातगाडीवाले बघितलेच असतील. पोत्यांची थप्पी लादलेली, समोरचं धड दिसत नाही, म्हणून गडी लांबूनच ओरडत येतो, "बाजू, बाजू!" माल उतरला की गाडी कडेला लावतो. भर रस्त्यात सोडली तर मागचा टेम्पो अडेल, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपण एसी दुकानात जी ट्रॉली ढकलतो तीही गाडीच आहे. फक्त तिथं "बाजू" म्हणायला आपण लाजतो.

ही ट्रॉली आली कुठून?

१९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं ती आणली. त्यानं बघितलं, हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. मग घडीच्या खुर्चीवरून त्याला चाकांवर टोपल्या ठेवायची कल्पना सुचली. गंमत म्हणजे सुरुवातीला लोक तिला हात लावेनात. पुरुषांना वाटे, आपण काय दुबळे आहोत? बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून झाल्या, आता ही कशाला? शेवटी त्यानं दुकानात ट्रॉली ढकलत फिरायला चक्क माणसं पगारावर ठेवली!

एकात एक घुसणारी ट्रॉली आली १९४६ च्या सुमारास, ऑर्ला वॉटसनमुळे. मागची जाळी वर उचलली जाते आणि पुढची ट्रॉली आत सरकते, तीच. त्यामुळे दहा ट्रॉल्या थोड्या जागेत बसतात. पण त्या रांगेत लावल्या तरच. एक जरी आडवी उभी केली तरी जागा अडते आणि मागचे लोक तिच्याच मागे आपापल्या सोडून जातात.

दुकानाच्या आत

महिन्याच्या सुरुवातीला, पगार झाल्यावर, दुकानात काय गर्दी असते ते तुम्हाला माहितीये. मंठा, परतूर, घनसावंगीकडून माणसं एकदाच महिन्याचा किराणा भरायला येतात. तेलाचा पंधरा किलोचा डबा, पंचवीस किलोची तांदळाची गोणी, दहा किलो आटा. झाले की नाही पन्नास किलो? वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन. अशी गाडी चटकन थांबत नाही. समोरच्या आजीच्या टाचेला ती लागली तर आजी आठवडाभर लंगडतात. म्हणून समोरच्यापासून दोन पावलं अंतर ठेवा, आणि कोपऱ्यावर वेग कमी करा.

रांगेच्या मधोमध ट्रॉली आडवी लावून व्हॉट्सॲपवर "कोणता साबण आणू?" असा फोटो पाठवू नका. आधी कडेला घ्या, मग पाठवा. आणि हा पॉडकास्ट ऐकत खरेदी करत असाल तर एक कान मोकळा ठेवा. मागून कुणी "दादा, जरा सरकता का" म्हणत असतं. तुम्हाला वाट हवी असेल तर "मावशी, जरा वाट देता का?" एवढं म्हणा. ट्रॉलीनं ट्रॉलीला धक्का देऊन सांगायची पद्धत बरी नाही.

लहान पोराला टोपलीत उभं करू नका. उभं राहिलं की वजन वर जातं, पोर बाजूला वाकलं की ट्रॉली कलंडते.

आणखी एक. काउंटरची रांग बघून भरलेली ट्रॉली तशीच सोडून जाणारे असतात. त्यात दूध असतं, आइस्क्रीम असतं. तासाभरानं ते कुणाच्या कामाचं? नको असलेली वस्तू बिलवाल्या ताईंच्या हातात द्या, एवढं पुरे.

दुकानाच्या बाहेर

खरी परीक्षा इथं आहे. आपल्याकडं पार्किंग म्हणजे मोटारसायकली आणि स्कूट्यांची दाट रांग. उतारावर सोडलेली ट्रॉली घरंगळत एका गाडीवर गेली की शेजारच्याही गाड्या पत्त्यांसारख्या पडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रॅम्पवर सोडलेली ट्रॉली. आपल्याला ती फक्त आडवी दिसते. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तो बंद झालेला दरवाजा असतो.

जर्मनीत कुणी नातेवाईक असेल तर विचारा. तिथं बऱ्याच दुकानांत ट्रॉल्या साखळीनं अडकवलेल्या असतात, युरोचं नाणं घातलं की सुटतात, परत लावली की नाणं परत. आपल्याकडं सहसा असं काही नसतं, म्हणून सगळं आपल्यावर सोडलेलं आहे. २०२० मध्ये इंटरनेटवर याच मुद्द्याची चर्चा गाजली होती: ट्रॉली परत लावली तर बक्षीस नाही, नाही लावली तर दंड नाही, मग माणूस काय करतो त्यावरून त्याची पारख होते.

मला ही पारख अर्धीच पटते. कडेवर झोपलेलं बाळ असलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, यांनी ट्रॉली तिथंच सोडली तर त्यांना नावं ठेवायची नाहीत. आपली नेताना त्यांचीही न्यायची.

"त्यासाठी माणूस ठेवलाय ना!" हे हमखास ऐकायला मिळतं. ठेवलाय, खरंय. पण तो पोरगा मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या फरशीवर ट्रॉल्या गोळा करतो. रांगेतून वीस ट्रॉल्या एकदम ढकलणं वेगळं आणि वीस कोपऱ्यांतून वीस गोळा करणं वेगळं. त्याचं काम आपण संपवू शकत नाही, वाढवायचं मात्र टाळू शकतो.

आपल्याकडं पाणपोईवर पाणी प्यायलो की पेला धुऊन पालथा ठेवतो. पुढचा कोण येणार, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, काही माहीत नसतं. तरी ठेवतो. ट्रॉलीचं गणित तेवढंच आहे.

तर या महिन्याच्या किराण्याला एक करून बघा. आपली ट्रॉली नेताना वाटेतली आणखी एक सोबत न्या. जेमतेम एक मिनिट लागेल. आणि काय अनुभव आला ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!