उद्योगसंस्कृती

उद्योगसंस्कृती : लेखी नियमांखेरीज उद्योगसंस्थेत रूढ होणारी वागण्याची रीत. तेथे काय खपते व काय खपत नाही, याविषयीचा कामगारांचा व अधिकाऱ्यांचा समज भिंतीवरील घोषवाक्यांवरून क्वचितच बनतो. प्रमुखाने तोटा सोसून कशाला नकार दिला, यावरून तो बनतो. खानदेशातील याचे ठळक उदाहरण अमळनेर (जि. जळगाव) येथे आढळते.

महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन केलेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ (पुढे ‘विप्रो’) या कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला निघाला. ऑगस्ट १९६६ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी (२४ जुलै १९४५ – ) यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून, वयाच्या एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला. हा धंदा आपणास पेलणार नाही, तो विकून टाकावा, असे एका भागधारकाने त्यांना सभेतच सुनावले होते.

त्या काळी भुईमुगाच्या शेंगा मूठभर हाती घेऊन, दाणा चावून, अंदाजाने खरेदी केल्या जात. प्रेमजींनी त्याजागी मोजमापाची पद्धत आणली. वरवर पाहता ही केवळ हिशेबाची सुधारणा. परंतु तीमुळे खरेदीदाराच्या मर्जीला फारसा वाव उरला नाही, आणि हे शेतकऱ्याइतकेच कारकुनालाही उमगले. संस्थेची मूल्ये शब्दबद्ध झाली ती त्यानंतर, १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी. पुढे कर्नाटकातील तुमकूरच्या कारखान्यास वीजजोडणी मिळविण्यासाठी लाच देण्याचे कंपनीने नाकारले व दीर्घकाळ महागड्या जनित्रांवर काम चालविले. असा एक प्रसंग शंभर परिपत्रकांचे काम करतो. प्रेमजी स्वतः विमानाच्या साध्या वर्गाने प्रवास करीत. साहजिकच हाताखालच्यांना उधळपट्टीचे समर्थन करणे अवघड जाई.

जळगावच्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १९९० नंतरच्या दशकात शेतीबाहेरील व्यवसायांत कंपनीस मोठा तोटा झाला, तेव्हा त्यांनी भागधारकांपुढे चूक जाहीरपणे मान्य केली व ठिबक सिंचनावर पुन्हा लक्ष केंद्रित केले.

तथापि दोघेही आपापल्या कंपन्यांचे प्रवर्तक होते, हे विसरता येत नाही. विप्रोचे बहुसंख्य भाग प्रेमजींच्याच हाती असल्याने नकाराची किंमत मोजणे त्यांना शक्य झाले. पगारी व्यवस्थापकास ती मुभा सहसा नसते. जुलै २०१९ मध्ये प्रेमजी कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले व त्यांचे पुत्र रिशद हे अध्यक्ष झाले.