उत्तर समुद्रातल्या पंगती

जर्मनीच्या किनाऱ्यापासून बरंच आत, उत्तर समुद्रात, हेल्गोलांड नावाचं तांबड्या खडकाचं चिमुकलं बेट आहे. १८९० पर्यंत ते इंग्रजांकडे होतं. त्या वर्षीच्या करारात झांझिबार आपल्या पदरात पाडून घेऊन त्यांनी ते जर्मनीला देऊन टाकलं. १९२५ च्या जूनमध्ये परागकणांच्या त्रासाने बेजार झालेला वेर्नर हायझेनबर्ग हवापालटासाठी इथे आला आणि पुंजयांत्रिकीचं पहिलं गणित त्याला इथेच सुटलं. भौतिकशास्त्राच्या इतिहासात या बेटाचं नाव आहे ते त्यामुळे. जीवशास्त्रात ते आहे एका कमालीच्या कंटाळवाण्या कामामुळे. १९६२ पासून, कामाच्या प्रत्येक दिवशी, एक बोट बेटालगतच्या ठरलेल्या जागी जाते आणि पाणी भरून आणते. त्याचं तापमान, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मोजतात आणि त्यातले वनस्पतिप्लवक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. अशा कामाचा सत्कार कुणी करत नाही. पण पुढे जे सांगायचं आहे ते या नोंदवहीवाचून कळलंच नसतं.

वनस्पतिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, प्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा त्यांचा असतो, आणि तरीही जगातल्या हिरव्या वस्तुमानात ते जेमतेम शेकडा एक भरतात. कारण ते साठून राहत नाहीत. झाड शंभर वर्षं उभं राहतं, पण यांची पिढी दिवसा-दोन दिवसांत उलटते आणि तेवढ्यात ते खाल्लेही जातात. उत्तर समुद्रात हिवाळी वादळं तळाचं पाणी ढवळून क्षार वर आणतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन पुरेसं होताच सिलिकाच्या डबीत राहणारे डायाटम दुपटी-चौपटीने वाढू लागतात. हाच वसंतातला बहर. काही आठवड्यांत क्षार संपतात, डायाटम मरू लागतात आणि पाणी निवळतं.

पाणी निवळतं म्हणजे नेमकं काय होतं? शाळेच्या पुस्तकातलं उत्तर असं: प्लवकांना कोळंबीसारखे बारीक प्राणी खातात, त्यांना मासे, माशांना माणूस. जीवाणू कुठेतरी तळाशी, मेलेल्याची विल्हेवाट लावायला. १९७४ मध्ये लॉरेन्स पोमरॉय यांनी या चित्रावर शंका घेतली. लाहोरला जन्मलेले आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत काम करणारे फारुक आझम आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये ते चित्र पार बदललं. प्लवकांनी बनवलेल्या कार्बनी पदार्थांतला मोठा हिस्सा, कधीकधी निम्म्यापर्यंत, विरघळून पाण्यात उतरतो आणि तो फक्त जीवाणूंनाच उचलता येतो, असं त्यांनी मांडलं. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. एवढे दिसले कसे नाहीत? कारण प्रयोगशाळेत अगरच्या थाळीवर त्यांतला शेकडा एकही धड वाढत नाही. पाण्यातून थेट डीएनए काढून वाचता येऊ लागल्यावरच ही गर्दी नावानिशी ओळखू येऊ लागली.

२००९ च्या वसंतात ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेतल्या हान्नो टीलिंग, रुडॉल्फ आमान आणि त्यांच्या चमूने हेल्गोलांडच्या बहराचा असा पाठपुरावा केला. कोणते जीवाणू आहेत, त्यांच्याकडे कोणती जनुकं आहेत आणि त्यांतली कोणती त्या आठवड्यात खरोखर कामाला लागली आहेत, हे तिन्ही त्यांनी तपासलं. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निबंध वाचताना लग्नघरच्या पंगती आठवतात. उल्विबॅक्टर, फॉर्मोसा, पोलॅरिबॅक्टर असे एकेक गट बसतात, आपल्या वाट्याचं जेवतात, उठतात, आणि जागा पुढच्याला देतात. एका वर्षाचं असं निरीक्षण कुणी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. म्हणून त्यांनी पुढची तीन वर्षं तेच केलं. या वर्षांत डायाटमच्या जाती कमी-जास्त होत राहिल्या, कधी एक वरचढ तर कधी दुसरी. जीवाणूंचे मुख्य गट मात्र बरेचसे तेच आणि क्रमही ओळखीचा. यजमान बदलले तरी पाहुणे तेच.

मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एखादी जात दुसऱ्या जातीकडे आकर्षित होते, अमुक शैवालाचा अमुक जीवाणू, अशा जोड्या लावण्याचा मोह आपल्याला फार. पण बहरात चालतो तो व्यवहार जातींच्या नावावर नव्हे, साखरेच्या प्रकारावर. वेगवेगळे डायाटम शेवटी मोजक्याच प्रकारच्या बहुशर्करा बनवतात. त्यांतली मुख्य लॅमिनारिन. दिवसा उन्हात ती साठवायची आणि रात्री खर्चायची, असा त्यांचा हिशेब. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या कार्बनी कणांत सरासरी पाव हिस्सा एकट्या लॅमिनारिनचा असल्याचं २०२० मध्ये ब्रेमेनच्याच यान-हेंड्रिक हेहेमान यांच्या गटाने दाखवलं. रचना सोपी, तोडायला थोडकी एन्झाइम पुरतात, म्हणून ती झटपट फस्त होते. इतर साखरांना फाटे जास्त, त्यांवर सल्फेट लटकलेलं. त्या तोडायला जास्त हत्यारं लागतात आणि ज्याच्याकडे ती असतात त्याचाच नंबर लागतो.

हत्यारं म्हणजे जनुकांचे संच. बॅक्टेरॉइडीट या मोठ्या कुळातल्या जीवाणूंमध्ये साखर ओळखणारी, तोडणारी आणि पेशीत ओढणारी जनुकं गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. अशी रचना पहिल्यांदा नीट समजली ती समुद्रात नव्हे, माणसाच्या आतड्यात. तिथेही याच कुळातले जीवाणू भाजी-डाळीतले चिवट तंतू पचवतात. हेहेमान यांनीच २०१० मध्ये दाखवलं होतं की काही जपानी माणसांच्या आतड्यातल्या जीवाणूंकडे समुद्री शैवालाची साखर तोडणारं जनुक आहे आणि ते समुद्री जीवाणूंकडून आलेलं आहे. सुशीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या पोटात गेलेल्या नोरी शैवालावर बसून ते आलं असावं.

काही जीवाणू तर उष्टंही मागे ठेवत नाहीत. एन्झाइम बाहेर सोडून साखर पाण्यात तोडली, तर तुकडे शेजारीही पळवणार. त्यापेक्षा हे जीवाणू पेशीच्या पृष्ठभागावरच मोठे तुकडे पाडून थेट आत ओढतात. शास्त्रज्ञांनी या सवयीला ‘स्वार्थी’ म्हटलं आहे.

आणि जे कुणालाच पचत नाही त्याचं काय? २०१६ च्या बहरात, साखरा ओळखण्यासाठी प्रतिपिंडं वापरून, याच संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की फ्यूकोजयुक्त, सल्फेट लागलेली एक बहुशर्करा बहरभर साचत जाते. ती चिकट असते, पेशींचे पुंजके बांधते, आणि असे पुंजके बुडाले की त्यांच्याबरोबर कार्बन खाली जातो. हवेतला कार्बन समुद्रात किती काळ राहणार, हे ठरवण्यात जीवाणूंच्या खाण्याइतकाच त्यांच्या न खाण्याचाही हात आहे.

हा व्यवहार एकतर्फी नाही. शैवालाच्या पेशीभोवती तिच्या स्रावांनी भरलेला पाण्याचा एक पातळ थर असतो, फायकोस्फिअर. बरीचशी देवघेव तिथे चालते. २००५ मधल्या एका पाहणीनुसार ३२६ शैवालजातींपैकी १७१ जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागतं, आणि ते फक्त जीवाणू आणि आर्किया बनवतात. २०१५ मध्ये शादी अमीन आणि सहकाऱ्यांनी सुडो-निट्शिया या डायाटमची गोष्ट उलगडली. तो ट्रिप्टोफॅन सोडतो. सल्फिटोबॅक्टर हा जीवाणू त्यापासून इंडोल अॅसिटिक आम्ल बनवून परत देतो, आणि डायाटमचं विभाजन वेगाने होतं. हे आम्ल ऑक्सिन वर्गातलं संप्रेरक आहे. आपल्याकडे रोपवाटिकेत फाटे बुडवतात त्या मुळं फुटण्याच्या पावडरीतला पदार्थ याच वर्गातला.

ही देवघेव ऐकून भारावून जायचं कारण नाही. एमिलियानिया हक्सलेई या चुनखडीच्या कवचाच्या शैवालासोबत राहणारा एक फिओबॅक्टर जीवाणू आधी वाढीला मदत करतो आणि इतर जीवाणूंना प्रतिजैविकाने दूर ठेवतो. शैवाल म्हातारं होऊन पी-कुमॅरिक आम्ल झिरपायला लागलं की तोच शैवालाला मारणारं विष बनवू लागतो. हे २०११ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. माझ्या मते यात मैत्रीही नाही आणि विश्वासघातही नाही. दोन्हीकडे तोच जीवाणू आहे, समोरून येणारा पदार्थ तेवढा बदलला आहे.

आपल्या अरबी समुद्राला मार्च-एप्रिलचा असा एकच वसंत नाही. दोन मोसमी वारे, म्हणून दोन मोठे बहर. हिवाळ्यात कोरडे थंड वारे उत्तर अरबी समुद्राचं पाणी थंड करून ढवळतात. तिथे पूर्वी डायाटम असत. या शतकाच्या सुरुवातीपासून हिरव्या नॉक्टिल्यूका या एकपेशीय जीवाने ती जागा बळकावली. त्याच्या एकेका पेशीत पेडिनोमोनास नावाची हजारो हिरवी शैवालं पोहत असतात, त्यामुळे तो शिकारही करतो आणि उन्हावरही जगतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेले हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस यांनी २०१४ मध्ये याचा संबंध वर सरकणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. त्यावर इतर संशोधकांनी हरकती घेतल्या आहेत आणि वाद मिटलेला नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत भुशासारखा तरंगणारा ट्रायकोडेस्मियम हा तिसराच प्रकार. तो स्वतःच नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू, आणि त्याच्याही बहरात इतर जीवाणूंची संख्या वाढून मोजक्या जाती वरचढ ठरल्याचं गोव्यातल्या संशोधकांना आढळलं आहे.

आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा बहर मात्र पावसाळ्यातला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं, क्षारांनी भरलेलं पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं. वरून पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी पसरतं, त्यामुळे खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. वर प्लवक वाढतात, मरून खाली येतात, आणि त्यांना खाणारे जीवाणू उरलासुरला ऑक्सिजनही वापरून टाकतात. गोव्यात कांदोळीसमोरच्या ठरावीक जागी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून हे मोजत आले आहेत. ऑक्सिजन संपला की जीवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रस ऑक्साइड तयार होतो. उष्णता अडवण्यात तो वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पावणेतीनशे पट. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये या किनाऱ्यावरून वाढत चाललेल्या त्याच्या उत्सर्जनाकडे लक्ष वेधलं. नायट्रेटही संपलं की सल्फेटवर जगणारे जीवाणू पुढे येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडतं, आणि तळाशी राहणाऱ्या माशांना तिथून निघून जाण्यावाचून गत्यंतर नसतं. मग वारे फिरतात, खालचं पाणी वर येणं थांबतं आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत तळाशी पुन्हा ऑक्सिजन पोचतो.