माळरानावरील वृक्षनिवड

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. वर्षाचा पाऊस सुमारें ५०० मिलिमीटर, तोहि लहरी. खालीं बहुधा मुरूम, वर वैशाखाचें ऊन. येथें ‘पाणी घातलें कीं झाड जगतें’ ही समजूत घातक होय. १८८५ सालीं नीरा डावा कालवा सुरू झाला आणि १९१० सालीं डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली. अतिसिंचनानें भूजल वर चढतें, उन्हानें आटतें, क्षार मात्र मागें राहतात.

म्हणून आधीं झाडाचा स्वभाव पाहावा. बोर उन्हाळ्यांत पानें टाकून विसावते, पावसाळ्यांत फुलते व हिवाळ्यांत फळ देते. सीताफळहि निष्पर्ण होऊन ग्रीष्म काढतें. चिंच व कडुनिंब यांचीं मुळें खोलवरचा ओलावा शोधतात. डाळिंबास निचऱ्याची मुरमाड जमीन मानवते, मात्र तें नित्य निगा मागतें. माळेगाव खुर्द येथें २००९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था अशाच दुष्काळ, उष्णता, क्षार इत्यादि संकटांचा अभ्यास करते.

बोरीचें बी जागेवरच पेरून रोपावर पुढें डोळा भरावा, म्हणजे सोटमूळ दुखावत नाहीं. खड्डे वैशाखांत खणून तापूं द्यावे व लावणी मृगाच्या पावसावर करावी. आळें बुंध्यापासून दूर, रुंद करून त्यांत पालापाचोळा पसरावा. पाणी थोडें पण खोल मुरेल असें, सायंकाळीं द्यावें. पहिले दोन उन्हाळे रोपास सावली करावी. एवढें केलें तर नातवंडांच्या वांट्यास सावली येईल, नाहींतर केवळ रिकामीं आळीं.