परदेशी कमाईचा करहिशोब : नागपुरातून आणि परदेशातून

नोकरदाराचा कर पगार हातात येण्याआधीच कापून जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला मात्र कर मोजणे, पैसे बाजूला काढणे, मुदतीत भरणे आणि पुरावा जपणे ही चारही कामे स्वतःच करावी लागतात. ग्राहक परदेशी असेल तर जबाबदारी आणखी वाढते. भारतीय कंपनी व्यावसायिक फी देताना साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. परदेशी ग्राहक बिलाचे सगळे पैसे पाठवतो. खात्यात पूर्ण रक्कम दिसते, पण तिच्यातला एक हिस्सा सरकारचा असतो. हा हिस्सा दर महिन्याला वेगळा काढणाऱ्याला कर जड जात नाही. मार्चपर्यंत विसरणाऱ्याला तोच कर कर्जासारखा वाटू लागतो.

नागपुरात सॉफ्टवेअर, डिझाइन, लेखापालन, भाषांतर, शिकवणी अशी कामे परदेशासाठी घरबसल्या करता येतात. परसोडीचे आयटी पार्क आणि मिहान ही या क्षेत्राची ठळक ठिकाणे असली, तरी एकट्याने काम करणाऱ्याचे ऑफिस बहुधा घरातल्याच एका खोलीत असते. आयकर अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे. १९५७ साली सुरू झालेली ही संस्था आज छिंदवाडा रोडवरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी म्हणून ओळखली जाते आणि भारतीय महसूल सेवेत निवड झालेले आयकर अधिकारी तिथेच तयार होतात. पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ घेत असल्याने कलमांचे क्रमांक त्यानंतर वेगळे आहेत.

कर कोणत्या देशाचा?

पहिला प्रश्न नागरिकत्वाचा नसून निवासाचा आहे. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती करापुरती निवासी ठरते. निवासी व्यक्तीच्या जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. अनिवासी व्यक्तीच्या फक्त भारतातून उपजलेल्या किंवा भारतात मिळालेल्या उत्पन्नावर. त्यामुळे त्रिमूर्तीनगरात बसून बर्लिनच्या किंवा बोस्टनच्या कंपनीचे काम करणाऱ्याची कमाई डॉलरमध्ये आली काय किंवा युरोमध्ये, ती भारतात करपात्रच असते. पैसे परदेशी खात्यात किंवा ऑनलाइन वॉलेटमध्ये ठेवल्याने ती करातून सुटत नाही. उलट परदेशी खाते असल्यास विवरणपत्राच्या ‘एफए’ परिशिष्टात त्याची नोंद करावी लागते, आणि मग आयटीआर-४ हा सोपा अर्ज चालत नाही.

अमेरिकी ग्राहक पैसे देण्याआधी अनेकदा ‘डब्ल्यू-८बेन’ हा अर्ज भरून मागतो. पैसे घेणारी व्यक्ती अमेरिकेची करदाती नाही, हे त्यात लिहून दिलेले असते. काम भारतात बसून केले असेल तर त्या सेवेचे उत्पन्न अमेरिकेबाहेरचे मानले जाते आणि तिथे कर कापण्याचा प्रश्न येत नाही. एखाद्या देशात कर कापलाच गेला, तर दुहेरी कर टाळण्याच्या कराराच्या आधारे त्याची वजावट भारतात मागता येते. त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो आणि कर कापल्याचा कागद हाताशी ठेवावा लागतो. परदेशातला कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतीय कर यांपैकी जी रक्कम कमी, तेवढीच वजावट मिळते.

आयकर : निम्मी रक्कम उत्पन्न

छोट्या व्यावसायिकासाठी कलम ४४एडीए ही मोठी सोय आहे. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांतल्या निवासी व्यक्तीने वर्षाच्या एकूण जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, की खर्चाची वही ठेवण्याची सक्ती राहत नाही. वार्षिक जमेची मर्यादा ५० लाख रुपये आहे. रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ७५ लाखांपर्यंत जाते. परदेशी पैसे बँकेतूनच येत असल्याने ही वाढीव मर्यादा सहसा लागू पडते. प्रत्यक्ष नफा ५० टक्क्यांहून कमी दाखवायचा असेल, तर हिशोबाच्या वह्या आणि बहुतेक वेळा सीएकडून लेखापरीक्षण आवश्यक ठरते.

जमा म्हणजे खात्यात पडलेली रक्कम नव्हे. १००० डॉलरच्या बिलातून काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाने १०० डॉलर कमिशन ठेवले आणि ९०० डॉलर पाठवले, तर जमा १००० डॉलरच धरायची. कमिशन हा खर्च आहे आणि तो ‘निम्म्या’ खर्चातच मोडतो.

समजा, एका सॉफ्टवेअर सल्लागाराची वर्षाची जमा ३० लाख रुपये आहे आणि इतर उत्पन्न नाही. त्याचे करपात्र उत्पन्न १५ लाख. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० रुपये, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या ३ लाखांवर १५ टक्क्यांनी ४५,००० रुपये. बेरीज १,०५,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर धरून १,०९,२०० रुपये. जमा २४ लाख असती तर उत्पन्न १२ लाख झाले असते आणि कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्यावर आला असता. तरीही विवरणपत्र भरावे लागलेच असते.

आगाऊ कर

वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर तो वर्ष संपण्याआधीच भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण, असे त्याचे टप्पे आहेत. कलम ४४एडीए निवडणाऱ्याला यातली पहिली तिन्ही बंधने नाहीत. त्याने सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. मुदत चुकली की दरमहा १ टक्का दराने व्याज सुरू होते.

ही मोकळीक फसवीही ठरते, कारण वर्षभर पैसे हातात खेळत राहतात. वरच्या उदाहरणातला १,०९,२०० रुपयांचा कर बारा महिन्यांवर वाटला तर महिन्याला ९,१०० रुपये पडतात. ते दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाकले, की मार्चमध्ये फक्त चलन भरायचे उरते. कमाई कमीजास्त होत असेल तर प्रत्येक बिलाच्या ठरावीक टक्क्यांनी हिस्सा काढणे अधिक सोयीचे. कर वाढत्या टप्प्यांनी लागत असल्याने कमाई वाढली की टक्काही वाढवावा लागतो.

जीएसटी : कर शून्य, काम शून्य नाही

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. परदेशी ग्राहकांचे कामही या उलाढालीत मोजले जाते. म्हणजे २४ लाख जमेच्या व्यावसायिकाला आयकर लागत नसला, तरी जीएसटी नोंदणी टळत नाही.

सेवा निर्यात ठरण्यासाठी सेवा देणारा भारतात, घेणारा आणि सेवेचे स्थळ भारताबाहेर, आणि मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिली असेल तिथे रुपयांत, अशा अटी आहेत. निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य असतो. कर न भरता निर्यात करण्यासाठी पोर्टलवर आरएफडी-११ या अर्जाद्वारे हमीपत्र द्यावे लागते. त्याला व्यवहारात एलयूटी म्हणतात. ते एका आर्थिक वर्षापुरतेच चालते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या बिलाआधी नवे भरणे हे वर्षातले पहिले काम. बिलाच्या तारखेपासून एक वर्षात पैसे आले नाहीत, तर या हमीनुसार कर व्याजासह भरावा लागू शकतो. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक बिलाला जोडून ठेवायचा तो यासाठीच.

मासिक क्रमात महिन्याच्या बिलांचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि गोषवारा, म्हणजे जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत जातो. ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला तिमाही पद्धत घेता येते. तेव्हा महाराष्ट्रासाठी या तारखा तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ आणि २२ होतात. कर शून्य आहे म्हणून ‘निल’ रिटर्न भरणे ही नेहमीची चूक आहे. निर्यातीची बिले जीएसटीआर-१ च्या ६ए तक्त्यात आणि त्यांची एकूण रक्कम ३बी मधील शून्य-दर पुरवठ्याच्या रकान्यात दाखवावी लागते. लॅपटॉप, इंटरनेट यांवर भरलेला जीएसटी परत मागायचा तर हेच आकडे आधाराला लागतात. उशीर झाल्यास निल रिटर्नला दिवसाला २० आणि इतर रिटर्नला ५० रुपये शुल्क पडते.

दोन ठिकाणी सावध राहावे लागते. एक, परदेशी कंपनीकडून कामासाठी घेतलेले सॉफ्टवेअर किंवा संकेतस्थळाचे कमिशन ही सेवेची आयात असते. परदेशी कंपनीने जीएसटी लावलेला नसेल तर नोंदणीकृत व्यावसायिकाने तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरायचा, सहसा १८ टक्क्यांनी. नंतर त्याचे क्रेडिट घेता येते. दोन, स्वतः सेवा न देता दोन पक्षांत मध्यस्थी करणाऱ्याचे काम ग्राहक परदेशी असूनही निर्यात धरले गेलेले नाही, आणि त्यावर १८ टक्के कर लागत आला आहे. ही तरतूद वगळण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत केली.

व्यवसाय कर

महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. नोकरदाराच्या पगारातून तो महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो. स्वतंत्र व्यावसायिकाने पीटीईसी नोंदणी करून २,५०० रुपये ३० जूनपर्यंत स्वतः भरायचे असतात. रक्कम लहान असल्यामुळे हा कर हमखास विसरला जातो आणि पुढे व्याजासह निघतो.

परदेशात बस्तान बसवल्यावर

नागपूर सोडून परदेशात स्वतंत्र व्यवसाय करायचा, तर पहिली अट परवान्याची असते. कामाचा प्रत्येक व्हिसा स्वतंत्र व्यवसायाची मुभा देत नाही. अमेरिकेचा एच-१बी अर्ज करणाऱ्या मालकाच्या नोकरीपुरताच असतो.

जर्मनीत नवा व्यावसायिक स्थानिक कर कार्यालयाकडे ‘एल्स्टर’ या पोर्टलवरून प्रश्नावली भरतो आणि करक्रमांक घेतो. तिथला सामान्य मूल्यवर्धित कर १९ टक्के आहे. आधीच्या वर्षी हा कर ९,००० युरोंहून जास्त भरला असेल तर दर महिन्याचे विवरण पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावे लागते. त्याहून कमी असेल तर तिमाही. आधीच्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला, चालू वर्षी ती १ लाख युरोंपुढे जात नाही तोवर, यातून सूट मिळते. आयकराचे आगाऊ हप्ते मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या १० तारखेला असतात. ग्राहकाने दिलेला १९ टक्के कर खर्चून टाकणे ही तिथली सर्वांत महागात पडणारी चूक, कारण ती रक्कम व्यावसायिकाची कधीच नसते.

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. आगाऊ हप्ते ३१ जानेवारी व ३१ जुलैला असतात आणि मूल्यवर्धित कराची नोंदणी ९०,००० पौंडांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते. अमेरिकेत अंदाजी कर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला भरतात, आणि आयकराखेरीज सामाजिक सुरक्षेसाठी १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर असतो. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीला आयकर नाही. पण व्यवसायाची वार्षिक उलाढाल १० लाख दिरहमपुढे गेली की कंपनी कराची नोंदणी करावी लागते.

नागपूरशी उरलेला करसंबंध

परदेशी कामासाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या वर्षातले भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी असतील तर तो अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून इथे असलेला माणूस २८ सप्टेंबरला निघाला तर १८१ दिवस भरतात. एक दिवस उशीर झाला की त्या संपूर्ण वर्षाचे जागतिक उत्पन्न भारतात करपात्र होते. विमानाचे तिकीट काढण्याआधी ही मोजणी करावी.

अनिवासी झाल्यावर बँकेतले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे खाते, करून घ्यावे लागते. धरमपेठेतला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते भाडे भारतातच करपात्र असते आणि भाडेकरूने ३० टक्के व उपकर कापून पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर जादा कापलेली रक्कम भारतात विवरणपत्र भरून परत मिळते. कायमचे परतणाऱ्याला थोडी सवड आहे. आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त न राहिलेली व्यक्ती काही काळ ‘सामान्यतः निवासी नसलेली’ गणली जाते, आणि भारतातून न चालवलेल्या व्यवसायाचे तिचे परदेशी उत्पन्न त्या काळात इथे करमुक्त राहते.

महिन्याचा क्रम

देश कोणताही असो, महिन्याचे काम तेच राहते. बिलांना अखंड क्रमांक द्यावेत. प्रत्येक बिलासमोर परकीय रक्कम, रुपयांतली रक्कम, कमिशन आणि पैसे आल्याची तारीख लिहावी. बँकेचा दाखला त्याच दिवशी उतरवून घ्यावा, कारण दोन वर्षांनी तो शोधणे अवघड जाते. व्यवसायाचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे आणि कराचा हिस्सा पैसे येताच तिसऱ्या खात्यात हलवावा. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे. आयकराचे कागदही तितकाच काळ ठेवणे शहाणपणाचे. एवढी शिस्त अंगवळणी पडली, तर सीएकडे फक्त तपासणी आणि सल्ला यांसाठी जावे लागते आणि नोटीस आलीच तरी उत्तर फाइलीत तयार असते.